मोडेम कॉम्प्युटर ओळखत नाही, क्रमांक ओळखतो

केबल मोडेमवर जुना कॉम्प्युटर उत्तम चालत असतो. नवा लॅपटॉप येतो, तीच वायर जुन्यातून काढून नव्यात खोचली जाते, पोर्टचा दिवाही लागतो, पण एकही पान उघडत नाही. वायर परत जुन्याला लावली की सगळं सुरळीत. मग ठरवून टाकलं जातं की हा मोडेम फक्त विंडोजसाठी आहे, किंवा नव्या लॅपटॉपचं नेटवर्क कार्डच खराब निघालं. हा समज इतका पसरलेला आहे की धडधाकट यंत्रं उगाच दुरुस्तीला जातात.

विंडोज, लिनक्स की अ‍ॅपल, हे मोडेमला कळतच नाही. इथरनेटच्या वायरीवरून माहिती तुकड्यातुकड्यांनी जाते, त्या तुकड्याला फ्रेम म्हणतात. फ्रेमच्या सुरुवातीच्या ६ बाइटमध्ये ती कुणासाठी आहे ते असतं आणि पुढच्या ६ बाइटमध्ये ती कुणाकडून आली ते. हा ४८ बिटांचा क्रमांक म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस. पहिले २४ बिट आयईईई ही संस्था कार्ड बनवणाऱ्या कंपनीला नेमून देते, उरलेले कंपनी स्वतः ठरवते. ४८ बिटांत सुमारे २८१ लाख कोटी वेगवेगळे क्रमांक मावतात. मोडेमच्या लेखी तुमच्या कॉम्प्युटरची ओळख एवढीच.

खरी मेख मोडेम चालू होतानाच्या घडामोडींत आहे. केबलवरच्या इंटरनेटसाठी केबललॅब्स या संस्थेने १९९७ साली डॉक्सिस नावाचं मानक आणलं, आजचे केबल मोडेम त्याच्याच पुढच्या आवृत्त्यांवर चालतात. मोडेम आधी केबलवरचा योग्य चॅनल शोधतो, समोरच्या यंत्रणेशी आपला आवाज आणि वेळ जुळवून घेतो, स्वतःसाठी एक आयपी अ‍ॅड्रेस (इंटरनेटवरचा पत्ता) मिळवतो आणि मग इंटरनेट देणाऱ्या कंपनीकडून एक छोटी फाइल उतरवून घेतो. तुमच्या जोडणीचा कमाल वेग त्या फाइलमध्ये लिहिलेला असतो. त्याच फाइलमध्ये आणखी एक आकडा असतो: या मोडेमच्या मागे जास्तीत जास्त किती यंत्रं चालतील. तो लिहिलेलाच नसेल, तर मानकाप्रमाणे १ धरायचा.

त्यानंतर मोडेम कान देऊन बसतो. ज्या यंत्राची फ्रेम पहिल्यांदा येईल त्याचा मॅक अ‍ॅड्रेस तो टिपून ठेवतो. ठरलेली संख्या भरली की इतर कुठल्याही क्रमांकाकडून आलेली फ्रेम तो निमूटपणे टाकून देतो. ना एरर, ना लाल दिवा. आणि टिपलेला क्रमांक वेळ गेला म्हणून पुसला जात नाही, जुना कॉम्प्युटर महिनाभर बंद असला तरी नाही. यादी कोरी होते ती मोडेम नव्याने सुरू झाल्यावरच.

म्हणून उपाय सरळ आहे: मोडेम बंद करायचा, नवा लॅपटॉप जोडायचा, मोडेम चालू करायचा. या साध्या गोष्टीभोवती बरीच अंधश्रद्धा जमली आहे. मोडेम ‘थंड’ होऊ द्यावा, बरोबर ३० सेकंदच थांबावं वगैरे. उष्णतेचा इथे संबंध नाही. आतल्या कपॅसिटरमधला, म्हणजे थोडी वीज साठवणाऱ्या सुट्या भागातला, उरलेला विद्युतभार ओसरेपर्यंत काही सेकंद थांबणं पुरतं, ३० या आकड्यात जादू नाही. फोनची सोय असलेल्या काही मोडेममध्ये बॅटरी असते, तिथे नुसता प्लग उपसून यादी पुसली जाणार नाही.

एकाच वेळी चार यंत्रं चालवायची असतील तर? बरेच जण मध्ये एक नेटवर्क स्विच, म्हणजे अनेक यंत्रांच्या वायरी एकत्र जोडणारी पेटी, टाकतात. स्विच सगळ्यांच्या फ्रेम जशाच्या तशा पुढे सरकवतो, त्यामुळे जो आधी बोलला त्याचंच चालतं. राउटर लागतो. मोडेमला राउटर म्हणजे एकच कॉम्प्युटर, एकच मॅक अ‍ॅड्रेस. (मोडेम आणि राउटर एकाच पेटीत असतील तर हा प्रश्नच येत नाही.)

आणि राउटरच्या आत जे चालतं ते मला संगणकशास्त्रातल्या सुंदर युक्त्यांपैकी एक वाटतं. १९९४ साली आयपी पत्त्यांच्या टंचाईवर तात्पुरता तोडगा म्हणून ती सुचवली गेली. समजा, लॅपटॉपचा घरातला पत्ता १९२.१६८.०.५ आणि फोनचा १९२.१६८.०.६. दोघांनी एकाच वेळी एकाच वेबसाइटकडे पॅकेट (फ्रेमच्या आतून जाणारा माहितीचा गठ्ठा) पाठवलं, आणि योगायोगाने दोघांचा पोर्ट क्रमांकही ५०३१२ आहे. हा पोर्ट म्हणजे वायर खोचायची जागा नव्हे, यंत्रातल्या कुठल्या प्रोग्रॅमचं पॅकेट आहे ते सांगणारा क्रमांक. बाहेर जाताना दोन्ही पॅकेटवर राउटरचा एकच बाह्य पत्ता लागणार. मग उत्तर आलं की ते कुणाचं, हे ओळखायचं कसं? राउटर कचेरीतल्या आवक-जावक नोंदवहीसारखी एक नोंदवही ठेवतो. लॅपटॉपच्या पॅकेटवरचा पोर्ट बदलून तो ६१००१ करतो, फोनच्या पॅकेटवरचा ६१००२, आणि दोन्ही नोंदी लिहून ठेवतो. ६१००२ वर उत्तर आलं की नोंद पाहायची, मूळ पत्ता आणि पोर्ट परत लिहायचे आणि पॅकेट फोनकडे सोडायचं. पोर्ट १६ बिटांचा, म्हणजे ६५,५३६ क्रमांक हाताशी.

प्रत्येक पॅकेटमध्ये तपासबेरीज असते, म्हणजे वाटेत माहिती बिघडली का हे पाहण्यासाठी केलेली बेरीज. पत्ता बदलला की ती चुकते, तीही दुरुस्त करावी लागते. टीसीपीच्या (पॅकेट नीट पोचलं का हे पाहणाऱ्या नियमांच्या) तपासबेरजेत आयपी पत्तेही धरलेले असतात, म्हणून आयपी आणि टीसीपी या दोन थरांवरच्या दोन बेरजा. पण ही बेरीज १ च्या पूरक अंकगणितात (शेवटी उरलेला हातचा परत बेरजेतच मिळवण्याच्या पद्धतीने) केलेली असते, त्यामुळे सगळं पॅकेट पुन्हा मोजावं लागत नाही: जुन्या आणि नव्या पत्त्यातला फरक तेवढा बेरजेत मिळवला की झालं. स्वस्तातला राउटरही हे प्रत्येक पॅकेटला करतो आणि कुणाला पत्ता लागत नाही.

आठ अँटेनांचा राउटर ‘इंटरनेटचा वेग वाढवतो’ ही जाहिरात मात्र मनावर घेऊ नये. घरातलं वायफाय त्याने सुधारेल. पण मोडेमने उतरवलेल्या फाइलमधली वेगमर्यादा कुठलाही राउटर ओलांडू शकत नाही.

जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. वाटपाचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत पत्ता १२८ बिटांचा असतो, घरातल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो आणि नोंदवहीची गरज उरत नाही. पण तिचा एक आडफायदाही जातो: नोंद नसलेलं बाहेरचं पॅकेट आत कुणाला द्यायचं हे राउटरला कळत नसे, म्हणून ते तिथेच गळत असे. आयपीव्ही६ सुरू करताना राउटरची फायरवॉल (बाहेरची नको असलेली पॅकेटं अडवणारी सोय) चालू आहे ना, हे सेटिंगमध्ये जाऊन आधी पाहून घ्यावं.