आपली काल्पनिक रेल्वे : आराखडा मागण्यापूर्वी काय ठरवावे (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मॉडेल रेल्वेचा लेआउट करून घेण्यासाठी आमच्याकडे येणारे बहुतेक ग्राहक तयारीने येतात. खोलीची मापे घेतलेली असतात, एचओ प्रमाण घ्यायचे की त्याहून लहान एन हे ठरलेले असते आणि इंजिनांची यादी तर तोंडपाठ असते. मात्र ही गाडी कुठून कुठे जाते आणि कशासाठी जाते, असे आम्ही विचारले की "ते काल्पनिकच ठेवायचे आहे, तुम्हीच काहीतरी चांगले करा" असे उत्तर मिळते. काल्पनिक रेल्वेला आमची मुळीच हरकत नाही. खऱ्या स्थानकाची हुबेहूब प्रतिकृती दिवाणखान्यात मावत नाही, त्यामुळे कल्पनेचा आधार सर्वांनाच घ्यावा लागतो. परंतु कल्पनेतली रेल्वेसुद्धा कुणाला तरी आधी ठरवावी लागते, आणि ती जबाबदारी आमच्यावर टाकल्यास पुढे कोणती अडचण येते, हे सांगण्यासाठी हे पत्रक छापले आहे.

सर्वांत महाग पडणारी चूक एकच आहे, ती म्हणजे साल न ठरवता काम सुरू करायला सांगणे. वाफेच्या काळातले स्थानक समजून आम्ही पाणी भरण्याचा खांब, कोळशाचा ढीग आणि हात वर-खाली करणारे सिग्नल बसवतो. रूळ चिकटवून खडीही घालून होते. आणि मग ग्राहक कुठूनतरी विजेचे इंजिन घेऊन येतात आणि "आता वर तारा तेवढ्या टाका" असे सांगतात. त्या 'तेवढ्या' तारांसाठी बोगद्याचे तोंड फोडून उंच करावे लागते. २५ केव्हीच्या (२५ हजार व्होल्टच्या) विजेच्या मार्गावर सरळ रुळालगत दोन खांबांमध्ये जास्तीत जास्त ७२ मीटर अंतर असते, म्हणजे एचओमध्ये सुमारे ८३ सेंटिमीटर, आणि वळणावर खांब त्याहून जवळ घ्यावे लागतात. ते खांब नेमके आधी बांधलेल्या फलाटाच्या छपरातून किंवा मालधक्क्यातून वर येतात. खडीचे तर विचारूच नये. ती साबणाचा थेंब घातलेल्या पाण्याने भिजवून, पातळ केलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडून पक्की केलेली असते. तिच्यातून सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा भाग) काढायचा तर कोमट पाण्याने पुन्हा भिजवून, पट्टी घालून, हळूहळू उचलावा लागतो, आणि तरीही त्याच्या सरकणाऱ्या पात्या वाकतात. वाकलेला सांधा आम्ही पुन्हा वापरत नाही. त्याची किंमत बिलात येते आणि मग वाद होतो, जो सुरुवातीच्या एका संध्याकाळी टळला असता.

साल ठरले की पुष्कळ गोष्टी आपोआप ठरतात. मुंबईत विजेची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली आणि १९२९ मध्ये वीज पुण्यापर्यंत पोहोचली. तेव्हा १९२० च्या भोर घाटात तारा नकोत आणि १९३५ च्या भोर घाटात त्या हव्यातच. मध्य रेल्वे ५ नोव्हेंबर १९५१ रोजी अस्तित्वात आली, त्यामुळे १९४० च्या वाघिणीवर (मालडब्यावर) जीआयपीची, म्हणजे तिच्या आधीच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची, अक्षरे हवीत. पेरांबूरच्या कारखान्यातले आयसीएफ डबे १९५५ नंतरचे, तर वाराणसीत बांधलेली डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिने १९६४ पासूनची आहेत. पुणे–मिरज मार्ग १९७१ पर्यंत मीटरगेज होता, ही गोष्ट साताऱ्याकडच्या ग्राहकांना आजोबांकडून ठाऊक असते, पण यादी करताना ते हमखास विसरतात. एकाच टेबलावर दोन काळ हवेच असतील तर तेही करता येते. वाफ, डिझेल आणि वीज एकत्र नांदत होती अशी वर्षे भारतात होती. पण मग ती वर्षे निवडल्याचे आम्हाला आधी सांगावे.

सालाच्या जोडीला कारण हवे. रेल्वे हौसेने टाकली जात नाही. तिच्यासाठी पैसा कुणी आणि कोणत्या आशेने घातला, हे ठरले की यार्डाचा आराखडा निम्मा काढून होतो. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी 'शकुंतला' कापसासाठी झाली. माथेरानची गाडी १९०७ मध्ये सुरू झाली ती डोंगरावर हवा खायला जाणाऱ्यांसाठी. कोल्हापूर–मिरज मार्ग १८९१ मध्ये कोल्हापूर संस्थानाने केला. यातली कापसाची रेल्वे निवडली, तर जिनिंग-प्रेसिंगच्या (सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणाऱ्या) कारखान्यात जाणारी सायडिंग, म्हणजे बाजूचा रूळ, हवी, गाठी उतरवायला लांब मालधक्का हवा, आणि रिकाम्या वाघिणी उभ्या करायला एक डेड एंड (पुढे बंद असलेला रूळ) हवा. प्रवासी फलाट आखूड असला तरी चालेल. माथेरानसारखी रेल्वे निवडली तर यातले काहीच नको, परंतु वळणे पुष्कळ हवीत.

ऋतूही याच कारणातून येतो. कापूस दिवाळीच्या सुमारास वेचणीला येतो, म्हणजे गाठींनी भरलेल्या वाघिणी उभ्या असताना भोवतालचे गवत पिवळे पडत आलेले असते. गाठींचा हंगाम आणि श्रावणातली हिरवळ एकाच टेबलावर मागणारे ग्राहक आम्हाला नेहमी भेटतात. हिरवा रंग विकायला आम्हाला काही अडचण नाही, पण पाहणाऱ्या वऱ्हाडी पाहुण्याच्या डोळ्याला ते खटकणारच.

नमुना म्हणून आम्ही सहसा एक शाखामार्ग सुचवतो, जो प्रत्यक्षात कधीच नव्हता. साल १९३८. बार्शी लाइट रेल्वेच्या एका स्थानकातून निघून 'करंजओढा' या आम्हीच वसवलेल्या बाजारगावी तो संपतो. मूळ बार्शी रेल्वे एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी ७६२ मिलिमीटर रुंदीच्या रुळावर १८९७ मध्ये सुरू केली, आणि प्रत्येक आसावर सुमारे पाच टनच भार यावा अशी तिची सुरुवातीची रचना होती. या एका बंधनामुळे करंजओढ्याला मोठे इंजिन जाऊच शकत नाही. पूल हलके, रूळ हलके, गाडी लहान. गावात आठवडी बाजार, भुईमूग आणि ज्वारीची आडत, आणि चैत्रात देवीची यात्रा आहे. त्यामुळे एरवी दोन डबे आणि चार वाघिणींची मिश्र गाडी पुरते, आणि यात्रेच्या आठवड्यात बाहेरून जादा डबे मागवावे लागतात. हे डबे कुठून येतात? डोंगरामागे लपवलेल्या यार्डातून. पाहणाऱ्याच्या दृष्टीने ते यार्ड म्हणजे कुर्डुवाडी, पंढरपूर आणि उरलेले सारे जग असते.

या नमुन्यामागे हिशेबही आहे. तयार मिळणारा १६.५ मिलिमीटरचा रूळ एचओच्या १:८७ या प्रमाणात १४३५ मिलिमीटरचा होतो, तर आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा; खरे प्रमाण पाळायचे तर १९.३ मिलिमीटरचा रूळ आणि प्रत्येक चाक वेगळे घडवावे लागेल. म्हणून आम्ही ब्रॉडगेजसाठी १६.५ चाच रूळ वापरतो आणि त्यातला फरक ग्राहकांना आधीच सांगतो. याउलट ९ मिलिमीटरचा रूळ १:८७ मध्ये ७८३ मिलिमीटरचा होतो, म्हणजे बार्शीच्या ७६२ ला अगदी लागून. शिवाय आयसीएफचा एक डबा एचओमध्ये साडेपंचवीस सेंटिमीटरचा होतो आणि चोवीस डब्यांची गाडी इंजिन धरून सहा मीटरच्या पुढे जाते. ज्यांच्याकडे गच्चीवरची सबंध खोली आहे त्यांनी ती जरूर करावी. इतरांनी गाडी लहान का आहे याचे पटण्याजोगे कारण शोधावे.

चढाचेही तसेच आहे. एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा तर एचओमध्ये साधारण ७५ मिलिमीटर उंची लागते. भोर घाटातला १:३७ चा चढ, जिथे मागून ढकलणारी बँकर इंजिने लावावी लागतात, तोच धरला तरी त्यासाठी पावणेतीन मीटरहून अधिक लांबी हवी, आणि आठ फुटी टेबल अडीच मीटरचेही नसते. फोनवर "एक घाट टाकून द्या" म्हणणाऱ्यांनी हे गणित कृपया एकदा करून पाहावे.

"कल्पनाच आहे, मग काहीही चालेल" हा युक्तिवाद आम्ही वारंवार ऐकतो. ज्यांच्या काल्पनिक रेल्वे आजही अभ्यासल्या जातात, त्यांनी तो कधी मानला नाही. अमेरिकेत डेटन येथील ॲलन मॅक्लेलंड यांनी 'व्हर्जिनियन अँड ओहायो' ही कोळशाची रेल्वे कल्पिली, आणि तळघरात दिसणारा भाग हा तिचा तुकडा आहे, उरलेली रेल्वे भिंतींपलीकडे चालूच आहे, असे धरून सगळी वाहतूक आखली. इंग्लंडमधले जॉन अहर्न यांचे 'मॅडर व्हॅली' पेंडन संग्रहालयात जपलेले आहे. त्या खोऱ्याला स्वतःची गावे आहेत, स्वतःचा भूगोल आहे. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे येथे जॉन ॲलन यांच्या लेआउटवर तर शंटिंगला (डबे इकडून तिकडे हलवण्याच्या कामाला) चक्क एक स्टेगोसॉरस डायनोसॉर होता. मात्र तोही तिथे कामाला होता, शोभेला नव्हता. डायनोसॉर आम्हीही बसवून देऊ, फक्त त्याचे काम लिहून द्यावे.

म्हणून आमची पद्धत अशी आहे की, ग्राहकाकडून रेल्वेचे टिपण हाती आल्याशिवाय आम्ही रुळांचा आराखडा काढत नाही. काहींना हा शाळेचा गृहपाठ वाटतो, काहींना वेळकाढूपणा. पण टिपण दोन पानांचे पुरते: साल आणि महिना, प्रदेश, रेल्वे कुणाची, रुळाची रुंदी, आणणार काय आणि नेणार काय, दिवसात किती गाड्या, आणि पलीकडचे जंक्शन कोणते. स्थानकाचे नाव सुचत नसेल तर ते कोरे ठेवावे. समुद्रसपाटीपासूनची उंची मात्र अवश्य लिहावी, कारण पिवळ्या पाटीवर ती काळ्या अक्षरांत येते आणि घाटमाथ्यावरच्या गावाला कोकणातली उंची लिहिली की सगळा डोलारा कोसळतो.

ज्यांना लिहिण्याचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी आम्ही एक बैठक घेऊन हे टिपण तयार करून देतो. तिचे शुल्क काम मिळाल्यास अंतिम बिलातून वजा होते. टिपण पक्के झालेल्या प्रत्येक लेआउटसोबत आम्ही त्या काल्पनिक स्थानकाची पाटी, गाड्यांचे वेळापत्रक आणि जुन्या पद्धतीची पुठ्ठ्याची तिकिटे छापून देतो. वेळापत्रकाप्रमाणे गाड्या चालवू लागल्यावर नवीन इंजिनापेक्षा नवीन वाघिणींची मागणी अधिक येते, असा आमचा अनुभव आहे, आणि वाघिणी आमच्याकडे नेहमी तयार असतात.

टिपणावर सही झाल्यानंतर, परंतु खडी घालण्यापूर्वी, साल बदलायचे असल्यास त्यासाठी वेगळा आकार घेतला जात नाही. खडी घातल्यानंतरच्या बदलाचा अंदाज आधी लेखी दिला जाईल आणि तो मान्य झाल्यावरच रूळ उचलले जातील. आधी दुसरीकडे करून घेतलेला लेआउट आमच्याकडे आणणाऱ्यांनी टेबलाचे वरून आणि खालून काढलेले फोटो पाठवावेत. वायरिंग पाहिल्याशिवाय आम्ही भाव सांगत नाही.