२००४ चा निकाल आणि पऱ्हाटीचा राग

आमच्याकडं पारावर अजून ऐकू येतं : भाजपच्या ‘इंडिया शायनिंग’ या प्रचारावर चिडलेल्या शेतकऱ्यानं २००४ मध्ये वाजपेयींचं सरकार पाडलं. ऐकायला बरं वाटतं. पण विदर्भाचा निकाल काढून पाहा. कर्ज, पऱ्हाटीचे म्हणजे कापसाचे पडलेले भाव, आत्महत्या, सगळं इथं होतं. तरी ११ पैकी १० जागा भाजप-शिवसेनेनं जिंकल्या. युतीच्या हातून गेली ती एकच जागा, नागपूर. म्हणजे शहर! भंडाऱ्यात तर काँग्रेसच्या मित्रपक्षाचे, राष्ट्रवादीचे प्रफुल्ल पटेलच थोडक्यात पडले.

राग नव्हता असं नाही. पण तो एका बाजूला वळला नाही; बसपानं इथं काँग्रेसची हक्काची मतं खाल्ली.

मग दिल्ली गेली कुठं? दक्षिणेत आणि उत्तर प्रदेशात. तमिळनाडूचा द्रमुक आधीच रालोआतून, म्हणजे भाजपच्या आघाडीतून, बाहेर पडला होता. भाजपनं अण्णाद्रमुकचा हात धरला आणि तमिळनाडूच्या ३९ च्या ३९ जागा द्रमुक आघाडीला गेल्या. आंध्रात वाजपेयींना साथ देणारा चंद्राबाबूंचा तेलुगू देसम ५ वर आला, उत्तर प्रदेशात भाजप १० वर. एवढं होऊनही काँग्रेस १४५, भाजप १३८. फरक ७ जागांचा.