मुलांच्या नाटिकेचा ट्रॅक मागवताय? पट्टी मुलांच्या गळ्यावरून ठरवा

संडे स्कूलच्या संगीत नाटिकांचे ट्रॅक आम्ही बनवतो, ड्रेसही भाड्याने देतो, आणि दर सीझनला कार्यक्रम आठवड्यावर आला की तोच फोन येतो, "ट्रॅक मस्त आहे पण मुलांना झेपत नाहीये, जरा खाली-वर करून द्या ना." म्हणून एकदा सगळं लिहूनच ठेवतोय.

होतं काय, की ऑर्डर देताना टीचर स्वतः गाऊन बघतात आणि आम्हाला पट्टी, म्हणजे गाणं किती वरच्या किंवा खालच्या सुरात हवं ते, कळवतात. मोठ्या माणसाचा आवाज खाली सहज उतरतो, मुलांचा नाही उतरत. 7 ते 10 वर्षांच्या मुलांचा ग्रुप साधारण पेटीवरच्या मधल्या पांढरी दोनपासून वरच्या पांढरी दोनपर्यंत मोकळा गातो, म्हणजे जेमतेम एक सप्तक. त्याखाली गेलं की हनुवटी छातीला टेकते आणि नुसते ओठ हलताना दिसतात, वर गेलं की टाचा उचलल्या जातात आणि गाण्याची ओरड होते. सर गात असतील तर अजूनच गोंधळ, कारण ते एक सप्तक खाली गात असतात आणि मुलं तो सूर आपल्या गळ्यात शोधत बसतात.

सगळ्यात जास्त अडतं ते योनाच्या, म्हणजे बायबलमधल्या मोठ्या माशाने गिळलेल्या संदेष्ट्याच्या नाटिकेत. योनाच्या पुस्तकातल्या दुसऱ्या अध्यायातली माशाच्या पोटातली प्रार्थना सगळ्यांना एकदम खालच्या सुरात हवी असते, समुद्राचा तळ आहे म्हणून. भावना बरोबर आहे, पण ती खोली वाजवण्यातून येऊ द्या, आम्ही खाली चेलो आणि पाण्याचा आवाज ठेवतो आणि योनाला त्याच्या गळ्याला सोप्या सुरात गाऊ देतो. एका ग्रुपने हट्टाने खालची पट्टी घेतली होती, कार्यक्रमात पोराचा एक शब्द मागच्या बाकापर्यंत पोचला नाही आणि ते बिचारं रडवेलं झालं. त्यानंतर आम्ही मुलांचं रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय ट्रॅक फायनल करत नाही, काहींना ही अडवणूक वाटते पण हा नियम आम्ही सोडणार नाही.

"सॉफ्टवेअरमध्ये एका बटणाचं काम आहे ना?" असंही विचारतात. अर्धा सूर, फार तर एक सूर सरकवता येतो, त्यापुढे बासरी बासरीसारखी वाजत नाही. मग वाद्यं परत वाजवून घ्यावी लागतात, त्यावरचं निवेदन, वादळाचे आवाज सगळं पुन्हा बसवावं लागतं, आणि मुलांनी पाठ केलेल्या एंट्र्या चुकतात त्या वेगळ्याच.

तर करायचं इतकंच, प्रॅक्टिस सुरू करायच्या आधी मुख्य भूमिकेतल्या मुलाला आणि कोरसला, दोघांना वेगवेगळं, वाद्यांच्या साथीशिवाय एखादं रोजचं गीत गाऊ द्या आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवा. तुम्ही सोबत गाऊ नका. पट्टी आम्ही काढतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. ट्रॅक दोन येतात, एक गाण्यासकट शिकवायला आणि एक नुसत्या म्युझिकचा, दुसऱ्यावर निदान शेवटच्या तीन प्रॅक्टिस तरी घ्या. आणि कार्यक्रमात ज्या फोनवरून वाजवाल तो फ्लाइट मोडवर टाका!

अगदी लहान मुलं असतील तर योनाच घ्या असं आम्ही सुचवतो. तिसऱ्या अध्यायात निनवे शहराचा राजा पश्चात्ताप म्हणून माणसांबरोबर गुराढोरांनाही गोणपाट घालायला लावतो, त्यामुळे चार-पाच वर्षांच्या पोरांना गुरांचं काम देता येतं, एकट्याने गायचं टेन्शन नाही आणि स्टेजवर सगळी येतात. गोणपाटाचे छोटे अंगरखे आमच्याकडे आहेत, आतून सुती अस्तर लावलंय म्हणजे टोचत नाही. फक्त ऑर्डर देताना वय नका कळवू, खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचं माप पाठवा.