पानाची जागा आणि खारा वारा

गुहागरच्या घरी आत्याला फणसाच्या सांदणांची कृती बघायची असली की ती अनुक्रमणिकेकडे वळत नाही. पाकपुस्तक मधोमध उघडते, चार-पाच पानं मागे जाते. डाव्या पानावर खाली तुपाचा डाग आहे, तिथे कृती. तेच पुस्तक मी तिला ई-रीडरवर, म्हणजे पुस्तकं वाचायच्या यंत्रावर, घालून दिलं, तर बराच वेळ पानं सरकवून म्हणाली, "अरे, ह्यात कुठं काय आहे तेच कळत नाही."

तिच्या तक्रारीत तथ्य आहे. वाचताना मेंदू मजकुरासोबत त्याची जागाही टिपतो. छापील पुस्तकात त्याला खुणा भरपूर मिळतात: पान डावं की उजवं, वर की खाली, आणि हाताला लागणारी जाडी. वाचलेलं डाव्या हातात वाढतं, उरलेलं उजव्या हातात कमी होतं. ई-रीडरवर पहिलं पान आणि तीनशेवं पान एकाच चौकटीत, वजन तेवढंच. अक्षर मोठं केलं की सगळा मजकूर पुढे सरकतो, म्हणजे परिच्छेदाला पक्का पत्ताच उरत नाही.

नॉर्वेतल्या संशोधक आन मांगेन आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ५० जणांनी २८ पानांची एकच कथा वाचली. काहींनी छापील, काहींनी किंडल ह्या ई-रीडरवर. बहुतेक प्रश्नांत दोन्ही गट बरोबरीचे ठरले. पण कोणती घटना आधी आणि कोणती नंतर, हे सांगताना छापील वाचणारे सरस ठरले. मला हा निकाल फार बोलका वाटतो. गोष्ट कळली, पण तिचा क्रम निसटला.

डोळ्यांना ई-रीडरचा ई-इंकचा, म्हणजे कागदासारखा दिसणारा, पडदा मोबाइलपेक्षा बरा, हे मान्यच. अक्षर मोठं करता येतं, ही आत्याच्या वयाला मोठी सोय. पण जुनी मराठी पुस्तकं बहुधा स्कॅन केलेल्या चित्रांच्या रूपात मिळतात. तिथे अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते.

किनाऱ्यावर आणखी एक अडचण आहे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे बारीक कण असतात. हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळतं, आणि पावसाळ्यात आपल्याकडे तो बहुतेक दिवस त्याहून जास्तच असतो. हे खारं पाणी चार्जिंगच्या खाचेत साचलं आणि त्यातून वीज गेली, की धातू झपाट्याने गंजतो. गेल्या पावसाळ्यात माझं ई-रीडरचं यंत्र चार्ज होईना, म्हणून खाचेवर भिंग धरलं. पिनांच्या टोकांवर हिरवट थर होता, कळकलेल्या पितळी भांड्यावर असतो तसा. त्या यंत्रातली दोनशे पुस्तकं एकाच वेळी बंद झाली.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा श्रीवर्धन-दापोलीकडची कित्येक गावं दिवसेंदिवस विजेविना होती. तिथे छापील पुस्तक उजेडावर वाचता येत होतं.

कागदालाही ही हवा सोसत नाही. त्याला कसर लागते, बुरशी धरते, कडा पिवळ्या पडतात. पण पुस्तक पानापानाने खराब होतं, आणि त्याची काळजी घरच्या घरी घेता येते. पाऊस ओसरून चांगलं ऊन पडलं की आत्या खळ्यात चटई घालते, पुस्तकं उभी उघडून ठेवते आणि दुपारी एकेक झटकून घरात नेते. पाकपुस्तकाची पाठ यंदा उसवली होती. तिने सुई-दोऱ्याने ती शिवली, पानं मात्र होती त्याच क्रमाने.