उभे विमान आणि बुजलेली नळी

२०२०च्या एप्रिल महिन्यात कोविडच्या साथीमुळे जगातील निम्म्याहून अधिक प्रवासी विमाने जमिनीवर होती आणि वाळवंटात ओळीने उभ्या असलेल्या विमानांची छायाचित्रे ‘विमानांची दफनभूमी’ अशा मथळ्यांखाली सर्वत्र फिरत होती. त्या मथळ्यांनी दोन गैरसमज एकदम पसरवले. पहिला असा, की तिथे पोहोचलेले प्रत्येक विमान कायमचे संपले. दुसरा, आणि माझ्या मते अधिक खोलवर रुजलेला, असा की जे विमान उडतच नाही ते झिजतही नाही, म्हणून वाटेल तेव्हा त्यात इंधन भरून ते पुन्हा नेता येते.

पहिल्या गैरसमजाचा निकाल लवकर लागतो. काही विमाने खरोखरच निवृत्त झाली. एअर फ्रान्सने मे २०२०मध्ये आपली एअरबस ए-३८० विमाने सेवेतून काढली. ब्रिटिश एअरवेजने जुलैमध्ये आपली सर्व ३१ बोइंग ७४७ विमाने ठरलेल्या वेळेच्या सुमारे चार वर्षे आधीच निवृत्त केली, आणि त्याच महिन्यात क्वांटासचे शेवटचे ७४७ सिडनीहून अमेरिकेतील मोहावे वाळवंटाकडे गेले. ही विमाने धोकादायक झाली होती असे मुळीच नाही. ए-३८० आणि ७४७सारखी चार इंजिनांची विमाने दोन इंजिनांच्या नव्या विमानांपेक्षा दर प्रवाशामागे अधिक इंधन जाळतात, आणि ठरावीक वर्षांनी विमान जवळजवळ संपूर्ण उकलून जी मोठी तपासणी करावी लागते तिचा खर्च, आसने रिकामी असताना, कोणतीही कंपनी जुन्या विमानावर करत नाही. विमानाचे वयही केवळ वर्षांत मोजत नाहीत. प्रत्येक उड्डाणात केबिनमधील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा वाढवला जातो, त्यामुळे विमानाचे धड किंचित फुगते आणि उतरताना पूर्ववत होते, म्हणून अशा किती फेऱ्या झाल्या यावर धातूचा थकवा ठरतो. दिवसातून सहा वेळा उडणारे छोटे विमान दिवसातून एकदा समुद्र ओलांडणाऱ्या मोठ्या विमानापेक्षा या अर्थाने लवकर म्हातारे होते. उलट, ज्यांना निरोप दिला गेला होता अशी विमाने परतलीही. लुफ्तान्साने साठवणीत टाकलेली ए-३८० विमाने पुन्हा उडवण्याचा निर्णय जून २०२२मध्ये जाहीर केला.

स्पेनमधील तेरुएल, ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागातील ॲलिस स्प्रिंग्ज, कॅलिफोर्नियातील व्हिक्टरव्हिल ही साठवणीची ठिकाणे निवडली जातात ती कोरड्या हवेसाठी. ॲल्युमिनिअमच्या संमिश्रांना ओलावा आणि क्षार एकत्र मिळाले की गंजाची विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते; कोरड्या हवेत ती अतिशय मंदावते. तरीही विमानाला नुसते उभे करून चालत नाही. एकाच जागी भार पडून टायर चपटे होऊ नयेत म्हणून चाके अधूनमधून फिरवावी लागतात. इंजिनांची तोंडे झाकावी लागतात आणि आत आर्द्रता शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्या ठेवाव्या लागतात. इंधनाच्या टाकीत तळाशी साचणाऱ्या पाण्यावर बुरशी व जिवाणू वाढतात, त्यांचाही बंदोबस्त करावा लागतो. एवढे करूनही गंज वाट काढतोच. जुलै २०२०मध्ये अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाने जुन्या पिढ्यांच्या बोइंग ७३७ विमानांसाठी तातडीचा आदेश काढला, कारण उभ्या राहिलेल्या विमानांत इंजिनातून दाबाखालील हवा काढणाऱ्या वाहिनीची झडप गंजून उघडीच अडकल्याने एक इंजिन बंद पडल्याच्या चार घटना घडल्या होत्या. सलग सात दिवस न उडालेले विमानसुद्धा या आदेशाच्या कक्षेत होते.

मला मात्र या साऱ्यांत सर्वांत विलक्षण वाटते ती विमानाच्या नाकाजवळची, वेग मोजण्यासाठी लावलेली बोटाएवढी नळी. १७३२मध्ये आंरी पिटो या फ्रेंच अभियंत्याने सेन नदीच्या प्रवाहात एक वाकवलेली नळी, तिचे तोंड प्रवाहाकडे करून, बुडवली. येणारे पाणी तोंडाशी अडते आणि त्याच्या गतिज ऊर्जेमुळे नळीतील पाणी नदीच्या पातळीच्या वर चढते. वेग सेकंदाला १ मीटर असेल तर सुमारे ५ सेंटिमीटर, २ मीटर असेल तर सुमारे २० सेंटिमीटर; वेग दुप्पट, तर उंची चौपट. वरून सोडलेल्या दगडाचे जे सूत्र आपण शाळेत शिकतो, की वेगाचा वर्ग म्हणजे गुरुत्वत्वरण आणि उंची यांच्या गुणाकाराची दुप्पट, तेच सूत्र इथे उलटे वाचायचे.

विमानात पाण्याच्या जागी हवा असते. पुढे तोंड केलेल्या पिटो नळीत समोरून येणाऱ्या हवेचा एकूण दाब मिळतो आणि धडाच्या बाजूला असलेल्या बारीक छिद्रांतून आसपासच्या हवेचा स्थिर दाब मिळतो. दोहोंतील फरकावरून वेग काढतात. जमिनीलगत ताशी २५० किलोमीटर वेगाला हा फरक वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम ३ टक्के असतो.

आता समजा, विमान उभे असताना नळीचे तोंड आणि पाणी निचरण्याचे तिचे छिद्र, दोन्ही बुजली. आत कोंडलेल्या हवेचा दाब जमिनीवरचाच राहील. धावपट्टीवर विमान कितीही वेगाने धावले तरी बाहेरचा स्थिर दाब तेवढाच, म्हणून फरक शून्य आणि वेगदर्शकाचा काटा शून्यावर. विमान वर चढू लागले की बाहेरचा दाब उतरतो, आतला तसाच राहतो, फरक वाढतो आणि काटा हलू लागतो. हवेच्या स्तंभाचा दाब म्हणजे घनता, गुरुत्वत्वरण व उंची यांचा गुणाकार. गतीमुळे येणारा दाब म्हणजे घनता आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराचे अर्धे. दोन्ही समान मांडले की घनता कटते आणि पुन्हा तेच दगडाचे सूत्र उरते. म्हणजे बुजलेल्या नळीचा वेगदर्शक विमानाचा वेग दाखवतच नाही; तेवढ्या उंचीवरून सोडलेला दगड, हवेचा विरोध नसता तर, किती वेगाने जमिनीवर आला असता हे तो दाखवतो! १०० मीटरवर ताशी सुमारे १६०, आणि १,५०० मीटरवर, वर हवा विरळ होते हे धरूनही, ताशी सुमारे ६०० किलोमीटर.

याची भयंकर किंमत ६ फेब्रुवारी १९९६ रोजी मोजावी लागली. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील पुएर्तो प्लाता येथून निघालेले बोइंग ७५७ त्याआधी सुमारे तीन आठवडे उभे होते आणि त्याच्या पिटो नळ्यांवर आवरणे घातलेली नव्हती. कॅप्टनच्या बाजूची नळी बुजली होती; चिखलाची घरटी बांधणाऱ्या कुंभारमाशीवर मुख्य संशय आहे. विमान चढले तसा कॅप्टनचा वेगदर्शक अवास्तव वेग दाखवू लागला. ऑटोपायलट त्याच नळीवर विसंबून होता, म्हणून त्याने वेग कमी करण्यासाठी नाक उचलले आणि इंजिनांची शक्ती घटवली. खरा वेग आधीच कमी होता. पंखांची उचल संपली आणि विमानातील सर्व १८९ जण मृत्युमुखी पडले. अनेक कंपन्या आजही अशुभ म्हणून आसनांच्या रांगांत १३ हा आकडा गाळतात. त्या आकड्याने आजवर एकही नळी बुजवलेली नाही.

साथीच्या काळात अशा हजारो नळ्या एकदम कीटकांच्या हवाली झाल्या. ऑगस्ट २०२०मध्ये युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेने इशारा दिला, की साठवणीतून बाहेर आल्यानंतरच्या पहिल्याच उड्डाणात वेग अविश्वसनीय ठरण्याच्या नोंदी चिंताजनक रीतीने वाढत आहेत. विमानात तीन स्वतंत्र नळ्या असतात, पण एकाच आठवड्यात एकाच धावपट्टीशेजारी त्या उघड्या राहिल्या तर हे स्वातंत्र्य कागदावरच राहते. ब्रिस्बेन विमानतळावर संशोधकांनी त्रिमितीय मुद्रणाने तयार केलेल्या नकली नळ्या लावून पाहिल्या, तेव्हा मूळच्या अमेरिका खंडातील एका माशीने त्यांत आपले संसार थाटलेले आढळले.

उपाय साधा आहे: नळीवर आवरण घालणे आणि उडण्यापूर्वी ते काढणे. याच ब्रिस्बेनहून २०१८मध्ये एका ए-३३० विमानाने तिन्ही आवरणे तशीच ठेवून उड्डाण केले होते. ते सुखरूप परतले. अशी चूक कधीही होऊ शकते, म्हणून धावपट्टीवर आणखी एक पडताळणी असते. बोइंगच्या विमानांत वेग ८० नॉट, म्हणजे ताशी सुमारे १५० किलोमीटर, झाला की एक वैमानिक तो आकडा मोठ्याने उच्चारतो आणि दुसरा आपल्या काट्याशी ताडून पाहतो. या वेगाला विमान अजून सहज थांबवता येते. पुएर्तो प्लाताच्या कॅप्टनने याच क्षणी आपला वेगदर्शक चालत नसल्याचे बोलून दाखवले होते, आणि तरीही उड्डाण चालू ठेवले होते.