न मागता मिळणारे दोनशे पौंड

ब्रिटनमध्ये नोव्हेंबर-डिसेंबरात पेन्शनरांच्या बँक खात्यात एक नोंद उमटते. आधी नॅशनल इन्शुरन्स नंबर, म्हणजे सरकारी विम्याचा ओळख क्रमांक, त्याला चिकटून ‘डीडब्ल्यूपी डब्ल्यूएफपी’. डीडब्ल्यूपी हे पेन्शन सांभाळणारं सरकारी खातं. डब्ल्यूएफपी हे विंटर फ्युएल पेमेंट, म्हणजे हिवाळ्यात घर गरम ठेवण्यासाठी सरकारने दिलेले पैसे. ऐंशीच्या आतल्यांच्या घरी २०० पौंड आणि ऐंशी किंवा त्यापुढचं कुणी असेल तर ३००. बहुतेकांनी त्यासाठी एक कागदसुद्धा भरलेला नसतो. २०२४ साली मजूर पक्षाच्या नव्या सरकारने नेमका इथेच हात घातला आणि ते अंगाशी आलं. का आलं, हे कळायला जरा मागे जावं लागतं.

१९३१ साली बेकारीची मदत मागणाऱ्यांसाठी ‘मीन्स टेस्ट’, म्हणजे घरच्या उत्पन्नाची आणि मालमत्तेची तपासणी आली. तपासनीस घरी येई. मुलगा काय कमावतो, मुलगी काय आणते हे विचारी, सामानावर नजर टाकी. विकण्यासारखं काही दिसलं तर आधी ते विका, मग या. ज्या घरांनी हे सोसलं तिथली मुलं पुढे म्हातारी झाली, तरी सरकारी फॉर्म म्हटला की त्यांच्या कपाळाला आठी पडे. आपल्याकडे ‘हात पसरणं’ म्हणतात, त्यातली लाज इंग्लंडातही तेवढीच जुनी आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर गरिबांच्या मदतीसाठी १९४८ मध्ये नॅशनल असिस्टन्स आणि १९६६ मध्ये सप्लिमेंटरी बेनिफिट आलं. त्यात हीटिंगसाठी जादा रक्कम मिळू शके, पण आजारपण, ओल धरलेलं घर अशी कारणं पुढे करून. १९८८ च्या फेरबदलात तीही गेली. मागे उरलं कोल्ड वेदर पेमेंट, तेही फक्त गरिबांसाठी आणि थर्मामीटरच्या मर्जीवर. इंग्लंड आणि वेल्समध्ये ते अजून चालू आहे. भागातल्या हवामान केंद्रावर सलग सात दिवसांचं सरासरी तापमान शून्य किंवा त्याखाली गेलं, की २५ पौंड. सरासरी दोन अंशांवर अडकली तर काही नाही. दोन अंशांत ओल्या भिंतीच्या खोलीत एखादी आजी कशी झोपते, हे ते केंद्र मोजत नाही.

मग आला कराचा मुद्दा. १९९३ च्या बजेटमध्ये अर्थमंत्री नॉर्मन लॅमॉन्ट यांनी घरगुती गॅस आणि विजेवर व्हॅट लावायचं जाहीर केलं. एप्रिल १९९४ पासून ८ टक्के आणि वर्षभराने १७.५. लोक खवळले. डिसेंबर १९९४ मध्ये दुसरा टप्पा संसदेत पडला, तोही सत्ताधारी पक्षातल्याच बंडखोरांमुळे. म्हाताऱ्यांचं गॅसबिल सरकारला महागात पडू शकतं, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं. १९९७ साली मजूर पक्ष निवडून आला आणि त्याने हा कर ५ टक्क्यांवर आणला.

त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला नवे अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी नवी मदत जाहीर केली: पेन्शनरांच्या प्रत्येक घराला २० पौंड आणि सर्वांत गरिबांना ५०. ज्याला सर्वाधिक गरज तोच मागायला येत नाही, म्हणून सगळ्यांनाच द्या आणि विचारू नका. माझ्या मते त्या योजनेतली खरी अक्कल हीच. राजकारणही होतंच. एप्रिल २००० मध्ये महागाईच्या सूत्राने मूळ पेन्शन आठवड्याला फक्त ७५ पेन्सनी वाढली आणि देशभर चेष्टा झाली. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात हे पेमेंट २०० पौंडांवर गेलं. मूळ पेन्शन कायमची वाढवण्यापेक्षा थंडीच्या तोंडावर एकरकमी, करमुक्त दोनशे पौंड देणं स्वस्त, आणि डोळ्यांत भरणारं.

वयाचा घोळ एका निवृत्त पोस्टमनने सोडवला. बायकांना साठाव्या वर्षी मिळतं, पुरुषांना पासष्टाव्या, मग थंडी काय स्त्री-पुरुष पाहून वाजते? डिसेंबर १९९९ मध्ये युरोपीय न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि साठ वर्षांची अट सगळ्यांना लागू झाली. आता पात्रता पुन्हा सरकारी पेन्शनच्या वयाशी जोडलेली आहे (२०२५ मध्ये ते ६६ होतं).

ऐंशीवरच्यांना २००३ पासून शंभर जादा मिळू लागले. २००८ पासून तीन हिवाळे रक्कम २५० आणि ऐंशीवरच्यांसाठी ४०० झाली, मग पुन्हा मूळपदावर. म्हणजे २००० सालचे दोनशे २०२५ मध्येही दोनशेच. (पेन्शनरांचा ख्रिसमस बोनस १९७२ साली १० पौंड होता. आजही दहाच आहे.)

‘श्रीमंतांना कशाला?’ ही कुरकुर पहिल्यापासून होती. स्पेनच्या उन्हात राहणाऱ्या पेन्शनरांनाही पैसे जात, म्हणून २०१५ पासून तापमानाची अट आली. ज्या देशाचा हिवाळा नैऋत्य इंग्लंडपेक्षा उबदार तो वगळला, आणि त्यात फ्रान्ससुद्धा बसला! २०१७ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी उत्पन्नाची अट जाहीरनाम्यात घातली, बहुमत गमावलं आणि ती गुंडाळून ठेवली.

२९ जुलै २०२४ ला अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी ती उत्पन्नाची अट घातलीच. सुमारे १४० कोटी पौंड वाचतील, असा हिशेब होता. पेमेंट उरलं फक्त पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांना मिळणारी पूरक मदत) किंवा तशीच मदत घेणाऱ्यांना. १० सप्टेंबरला संसदेत ३४८ विरुद्ध २२८ मतांनी शिक्कामोर्तब झालं. लाभार्थी एक कोटीवरून पंधरा लाखांच्या आसपास आले. त्याच ऑक्टोबरमध्ये वीज-गॅसची दरमर्यादा १० टक्क्यांनी वाढली.

पेन्शन क्रेडिट मागावं लागतं, आणि पात्र असूनही सुमारे ८,८०,००० कुटुंबं ते मागत नाहीत, हा सरकारचाच अंदाज होता. फॉर्ममध्ये दोनशेहून अधिक प्रश्न. साठ-सत्तरच्या दशकांत नवऱ्यामागून विलायतेत आलेल्या आपल्याकडच्या कित्येक बायकांनी आयुष्यभर घर सांभाळलं, त्यामुळे पूर्ण पेन्शनसाठी लागणारी नॅशनल इन्शुरन्सच्या हप्त्यांची वर्षं भरलेली नाहीत. अशा एकट्या राहिलेल्या आजींच्या हाती तो फॉर्म आला, की ‘राहू दे, एक स्वेटर जास्त घालीन’ हे उत्तर ठरलेलं. तरीही त्या हिवाळ्यात अर्जांचा पूर आला. मंजूर झालेला प्रत्येक अर्ज सरकारला दोनशे पौंडांहून कितीतरी महाग पडणारा, म्हणजे वाचवायला निघाले आणि तिजोरीचं दुसरं दार उघडं राहिलं.

मे २०२५ मधल्या स्थानिक निवडणुकांत मजूर पक्षाने सपाटून मार खाल्ला. ९ जूनला सरकारने पाऊल मागे घेतलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये पैसे पुन्हा सगळ्या पेन्शनरांना आपोआप जाणार, आणि ज्याचं वार्षिक उत्पन्न ३५,००० पौंडांवर आहे त्याच्याकडून आयकर खातं नंतर ते परत घेणार. स्कॉटलंडची योजना आता वेगळी आहे, नाव आणि रकमाही निराळ्या.

अर्ज अजून काहींना करावा लागतो. ज्यांनी सरकारी पेन्शन घेणं पुढे ढकललंय आणि याआधी हे पेमेंट कधी घेतलं नाही, त्यांना ३१ मार्चपर्यंत. निवृत्त होऊन पुण्याला परतलेल्यांना ते मिळत नाही, आणि त्यांचं ब्रिटिश पेन्शनही भारतात वर्षानुवर्षं त्याच आकड्यावर गोठलेलं असतं. आणखी एका गटाला स्वतःहून कळवावं लागतं: उत्पन्न ३५,००० च्या वर आहे आणि पैसे येऊन मग करातून कापले जाण्यापेक्षा मुळात नकोच आहेत, अशा मंडळींना.