बीटा पिक्टोरिसची धूळतबकडी

दक्षिण आकाशातील बीटा पिक्टोरिस या तरुण ताऱ्याभोवतीची धूळ, खडक व धूमकेतूंची चपटी तबकडी. तारा सुमारे ६३ प्रकाशवर्षे दूर असून त्याचे वय २ कोटी वर्षांच्या आसपास आहे. अगस्तीच्या थोडा पश्चिमेला असलेला हा तारा हिवाळ्यात, आकाश काळोखे असेल तर, महाराष्ट्रातूनही नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तबकडी मात्र मोठ्या दुर्बिणीशिवाय दिसत नाही.

१९८३ मध्ये आयरास उपग्रहाला या ताऱ्याकडून अपेक्षेपेक्षा जास्त अवरक्त प्रारण, म्हणजे कोमट धुळीतून निघणारी उष्णता, येताना आढळले. पुढच्याच वर्षी ब्रॅडफर्ड स्मिथ व रिचर्ड टेरिल यांनी चिलीतील लास कंपानास वेधशाळेतून, ताऱ्याचा झगमगाट झाकून, तबकडीचे छायाचित्र घेतले. दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या तबकडीचे ते पहिले छायाचित्र. ही तबकडी आपल्याला कडेने दिसते आणि हे मोठेच भाग्य म्हणायचे, कारण तिच्यातला बाक त्यामुळेच लक्षात आला.

१९९०च्या दशकात हबल दुर्बिणीने तबकडीचा आतला भाग बाहेरच्या भागाशी काही अंशांनी कललेला दाखवला. तिरप्या कक्षेतला एखादा ग्रह हे करू शकतो, असे १९९७ मध्ये फ्रेंच संशोधकांनी गणिताने मांडले. ग्रहाच्या ओढीने लहान पिंडांच्या कक्षांची प्रतले हळूहळू फिरू लागतात. ग्रहाजवळच्या कक्षा लवकर फिरतात, दूरच्यांना कोट्यवधी वर्षे लागतात. म्हणून आतले पिंड ग्रहाच्या प्रतलाभोवती पसरतात, बाहेरचे मूळ प्रतलातच राहतात आणि दोहोंच्या सीमेवर बाक दिसतो. ही सीमा काळाबरोबर बाहेर सरकते. ताऱ्याचे वय ठाऊक असेल तर बाकाच्या अंतरावरून ग्रहाचा अंदाज बांधता येतो. पण जवळचा जड ग्रह की दूरचा हलका, हे नुसत्या बाकावरून ठरत नाही.

फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ॲन-मारी लाग्रांज यांच्या गटाला २००३ च्या निरीक्षणांत ताऱ्याशेजारी एक फिकट ठिपका सापडला होता. २००९ मध्ये तोच ताऱ्याच्या दुसऱ्या बाजूला दिसला आणि तो ग्रह की मागचा एखादा तारा, ही शंका मिटली. बीटा पिक्टोरिस बी हा ग्रह गुरूच्या सुमारे १० पट जड असून आपल्या शनीइतक्याच अंतरावरून फिरतो. त्याची कक्षा मुख्य तबकडीशी नव्हे, तर कललेल्या भागाशी जुळते, हे २०१२ मध्ये दाखवले गेले. भाकीत आणि दर्शन यांचा इतका सुरेख मेळ या विषयात विरळाच.

इथली धूळ ताऱ्याच्या जन्मापासूनची नाही. ताऱ्याच्या प्रकाशाचा दाब बारीक कण बाहेर ढकलतो, तर पिंडांच्या टकरींतून नवे कण निर्माण होतात. म्हणूनच धुळीचा आकार हा न दिसणाऱ्या पिंडांच्या कक्षांचा पुरावा ठरतो.

प्रत्येक खूण ग्रहाचीच असेल असे मात्र नाही. २०१४ मध्ये आल्मा दुर्बिणीला तबकडीच्या एकाच बाजूला कार्बन मोनॉक्साइडचा पुंजका आढळला. अतिनील प्रारणात हा वायू शतकभरातच विघटित होतो, म्हणजे तिथे आजही बर्फाळ पिंड फुटत आहेत. बाहेर सरकणाऱ्या एखाद्या अदृश्य ग्रहाने धूमकेतू अनुनादी कक्षांत (ज्यांतल्या फेऱ्यांचा काळ ग्रहाच्या फेरीच्या काळाशी साध्या प्रमाणात असतो) गोळा केले असावेत, किंवा तिथे अलीकडेच एखादा मोठा पिंड फुटला असावा. दोन्ही शक्यता अजून खुल्या आहेत.